सामान गॅसचे, शेगडी विजेची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतात. त्याआधीचा महिनाभर पुण्या-मुंबईपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंत घरोघरी बॅगा भरणे, वजन करणे, पुन्हा उघडणे चाललेले असते. प्रवेश, व्हिसा, कर्ज, शिष्यवृत्ती यांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येते. मुलगा किंवा मुलगी तिथल्या हॉलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, पोहोचल्यावर कशावर आणि कशात शिजवणार, हे मात्र कोणी सांगत नाही. घरच्यांच्या हाती असते ती नातेवाइकांकडून फिरत आलेली यादी. ती यादी गॅसच्या शेगडीला आणि चार माणसांच्या घराला धरून केलेली असते. विद्यापीठाच्या हॉलमध्ये गॅस जवळजवळ कुठेच नसतो. म्हणून हे पत्र लांबले तरी लिहीत आहोत.

आधी जागा कशी असते ते. ‘कॅटर्ड’ हॉल म्हणजे जेवण मिळणारे आणि ‘सेल्फ-कॅटर्ड’ म्हणजे स्वतः करून खायचे. आपली बहुतेक मुले दुसऱ्या प्रकारात राहतात. पाच ते आठ जणांच्या खोल्या एका फ्लॅटमध्ये असतात आणि सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर असते. त्यात हॉब म्हणजे सपाट काचेची विजेची शेगडी, ओव्हन, मायक्रोवेव्ह, पाणी तापवायची किटली आणि फ्रीज हे बहुधा दिलेले असते. भांडी, ताटे, सुऱ्या बहुतेक ठिकाणी नसतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक कपाट, फ्रीजमधला एक कप्पा आणि फ्रीझरमधला एक खण, कधी तर अर्धाच खण येतो. जी भांडी न्यायची ती या एका कपाटात पीठ, तांदूळ, डाळींसकट मावली पाहिजेत. जास्तीची कढई आणि परात मग पलंगाखाली जातात आणि वर्षभर तिथेच राहतात.

बॅग भरण्याआधी हॉलच्या कार्यालयाला एक ईमेल करावा. हॉब इंडक्शनचा आहे की सिरॅमिकचा, स्वयंपाकघरात काय काय दिलेले आहे, आणि कोणत्या वस्तूंना बंदी आहे, एवढे तीनच प्रश्न. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर अर्धे सामान ठरते.

दोन्ही हॉब वरून सारखेच दिसतात, काळी सपाट काच आणि त्यावर गोल खुणा. सिरॅमिक हॉबमध्ये काचेखालची तार तापून लाल होते, त्यामुळे त्यावर कोणत्याही धातूचे भांडे चालते, फक्त बूड सपाट हवे. इंडक्शनमध्ये काच स्वतः तापत नाही. खालच्या वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र थेट भांड्याच्या बुडात उष्णता निर्माण करते. त्यासाठी बूड लोहचुंबकाला धरणारे असावे लागते. परीक्षा सोपी आहे. फ्रीजवर लावायचे चुंबक भांड्याच्या बुडाला लावून पाहावे. घट्ट चिकटले तर चालेल, घसरून पडले तर नाही. ॲल्युमिनियमचा कुकर, हार्ड ॲनोडाइज्ड कढई, पितळेचे पातेले, तांब्याच्या बुडाची भांडी यांतले काहीही चिकटत नाही. स्टीलचेही प्रत्येक भांडे चिकटेल असे नाही. स्टीलच्या काही जाती चुंबकाला धरतच नाहीत, म्हणून ‘स्टील आहे, चालेल’ असे गृहीत धरू नये. बीड आणि लोखंड मात्र हमखास चालतात.

दुसरी अडचण आकाराची. इंडक्शनला साधारण 10 ते 12 सेंटिमीटरपेक्षा लहान बुडाचे भांडे जाणवतच नाही. हॉब टूं-टूं वाजतो आणि बंद होतो. फोडणीची पळी आणि छोटे कढले याच कारणाने निरुपयोगी ठरतात. गोल बुडाची लोखंडी कढई सिरॅमिकवर डुगडुगते, मध्यावर तेवढी तापते आणि कडेचा कांदा कच्चा राहतो. खोलगट पोळीच्या तव्याचेही तेच. तापल्यावर बूड मध्ये फुगणारा पातळ पत्र्याचा तवा तर सपाट काचेवर भिंगरीसारखा फिरतो.

म्हणून न्यायच्या भांड्यांची यादी लहान ठेवावी. इंडक्शन बुडाचा स्टीलचा 3 लिटरचा कुकर आणि त्याचे आतले दोन डबे, सपाट तवा, लाटणे, चिमटा, सांडशी, मिसळणाचा डबा, किसणी. पोळपाट हवाच असेल तर लहान आणि पातळ. हॉलमधली ओट्याची फळी गुळगुळीत असते, पुसून तिच्यावर सरळ पोळी लाटता येते. पातेली, ताटल्या, वाट्या, चमचे, कापायची फळी, गाळणी हे सगळे तिथल्या सुपरमार्केटमध्ये सप्टेंबरात विद्यार्थ्यांसाठीच मांडलेले असते आणि स्वस्त असते. 20 सेंटिमीटरचे झाकणाचे एक पातेले, 14-16 सेंटिमीटरचे एक लहान आणि 24-26 सेंटिमीटरचा खोल नॉनस्टिक पॅन एवढ्यात एका माणसाचा स्वयंपाक होतो. कढईचे काम खोल पॅन करतो आणि फोडणीच्या पळीचे काम लहान पातेले.

कुकरबद्दल जरा सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण सर्वांत जास्त फजिती त्याचीच होते. गॅसवर आपण शिट्टी झाली की ज्योत बारीक करतो आणि ती त्याच क्षणी बारीक होते. सिरॅमिक हॉबवर आकडा 9 वरून 3 वर आणला तरी काच काही मिनिटे तशीच धगधगत असते, शिट्ट्या होत राहतात, पाणी उडते आणि वरण खाली लागते. उपाय असा. पहिली शिट्टी होण्याआधीच, वाफ जोरात फुसफुसू लागली की आकडा 3-4 वर आणावा. वेळ संपली की नुसते बटण बंद करून थांबू नये, कुकर उचलून शेजारच्या थंड जागेवर ठेवावा. सरकवू मात्र नये, बुडाखाली मिठाचा खडा असला तरी काचेवर ओरखडा उठतो आणि तो हॉल सोडताना भरून द्यावा लागतो. इंडक्शनवर उलट घडते. उष्णता फार झपाट्याने येते, ‘बूस्ट’वर ठेवले तर पाणी नीट उकळायच्या आत तळाची डाळ करपते. तिथे 6-7 वर सुरुवात करावी आणि शिट्टी झाली की कमी करावे. तिथे कमी केलेले लगेच लागू पडते.

डाळ-भातासाठी कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. तूरडाळीला फेस येतो आणि तो वाफेच्या नळीत अडकला की शिट्टी होत नाही, दाब मात्र वाढत जातो. अर्धी वाटी डाळीला दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घातले की फेस आटोक्यात राहतो. जास्तीची रबरी रिंग, एक शिट्टी आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच मापाचे, कुकरबरोबरच विकत घेऊन ठेवावेत. तिथल्या सुपरमार्केटमध्ये ते मिळत नाहीत, आणि रिंग गेली की अख्खा कुकर शोभेचा होतो. काही हॉलच्या नियमांत प्रेशर कुकरलाच बंदी असते, म्हणून तो तिसरा प्रश्न आधी विचारायचा. आणि ज्यांनी आयुष्यात शिट्टी ऐकलेली नाही, अशा फ्लॅटमधल्या इतरांना पहिल्या वेळी सांगून ठेवावे.

कुकर चालत नसेल तर अडून बसायचे कारण नाही. मसूरडाळ आणि मुगाची डाळ उघड्या पातेल्यात 20-25 मिनिटांत शिजते. तूरडाळ तासभर भिजवून पाऊण तास घेते. पाणी कुठले यावरही हे अवलंबून असते. लंडन, केंब्रिज, रेडिंग या भागांतले पाणी जड आहे, त्यातल्या चुन्यामुळे डाळ लवकर गळत नाही आणि किटलीत पांढरी पुटे धरतात. मँचेस्टरला पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांतून येते, ग्लासगोला लॉक कॅट्रिनमधून, आणि ते हलके असते. जड पाण्याच्या गावी डाळ रात्री भिजवावी आणि शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. दुकानात तो ‘बायकार्बोनेट ऑफ सोडा’ या नावाने मिळतो. शेजारच्याच डब्यातली ‘बेकिंग पावडर’ ही वेगळी वस्तू आहे, तिच्यात आम्लही असते.

राजम्याची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते जाण्यासाठी राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान 10 मिनिटे खळखळून उकळावा लागतो. स्लो कुकर तेवढा तापत नाही आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो, उलट्या होतात. प्रेशर कुकर असेल तर हा प्रश्नच नाही. नसेल तर डब्यातला शिजवलेला राजमा आणि छोले घ्यावेत. 400 ग्रॅमच्या डब्यातून पाणी काढल्यावर साधारण 240 ग्रॅम निघतात, एका माणसाला दोन वेळा पुरतात.

पोळीचे म्हणाल तर इथे मराठी घरांना एक फायदा आहे. फुलका जाळावर फुगतो, त्यामुळे विजेच्या शेगडीवर तो रुसतो. घडीची पोळी तव्यावरच होते, तिला जाळ लागत नाही. घडीत तेल आणि पीठ घातले की तिचे पदर तव्यावर सुटतात, कडा फडक्याने दाबल्या की पुरे. भाकरीची पाण्याची बाजू तव्यावर नीट सुकू द्यावी आणि उलटल्यावर फडक्याने हलके दाबत राहावे. आचेवर फुगते तशी टम्म फुगणार नाही, पण शिजते. बिडाचा तवा जड असतो आणि काचेवर आपटला तर काच जाते, तरी पोळीला त्याच्यासारखा दुसरा नाही. तो 7 वर पाच मिनिटे तापवून मग 5 वर आणावा. दर दोन-तीन पोळ्यांनंतर तव्यावरची पिठी कोरड्या फडक्याने झटकावी. हॉलमध्ये धूर होतो तो बहुतेक वेळा पोळीचा नसतो, जळलेल्या पिठीचा असतो. पिठाबाबत एक सांगायचे. सुपरमार्केटमधल्या ‘होलमील’ पिठात कोंडा जाड असतो आणि पोळी चिरते. ‘चपाती आटा’ असे लिहिलेले पोते घ्यावे, आणि त्यातही ‘मीडियम’.

आता धूर. याची धास्ती प्रत्येकाने घ्यावी. स्वयंपाकघरात बहुधा उष्णतेवर चालणारा अलार्म असतो, तो फोडणीने सहसा वाजत नाही. खोल्यांत आणि पॅसेजमध्ये असतो तो धुरावर चालणारा. म्हणजे धोका स्वयंपाकघरातल्या धुराचा नसून दारातून बाहेर पडणाऱ्या धुराचा असतो. ठसका लागला म्हणून कोणीतरी दार उघडे धरते, धूर पॅसेजमध्ये जातो आणि रात्री अकरा वाजता शे-दोनशे मुले थंडीत खाली उभी राहतात. ते दार आगीचा प्रसार अडवणारे असते, आपोआप बंद व्हावे अशी त्याची रचना असते. त्याला खुर्ची किंवा पाचर लावणे हा दंडाचा गुन्हा आहे. उघडायची ती खिडकी, आणि फोडणी सुरू करण्याआधी. वरचा पंखा लावावा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये. कित्येक ठिकाणी तो हवा बाहेर फेकत नाही, जाळीतून गाळून पुन्हा आतच सोडतो. अलार्मवर पिशवी किंवा मोजा चढवायचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नये. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 माणसे गेली, आणि ती आग एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात सुरू झाली होती. हे नियम कडक का आहेत हे मुलांना घरातूनच समजावून पाठवावे.

फोडणी धुराशिवाय होते, फक्त क्रम सांभाळावा लागतो. लहान पातेल्यात दोन चमचे तेल घेऊन 5-6 वर ठेवावे, 9 वर कधीच नाही. तेल तापले की मोहरी टाकून झाकण ठेवावे. तडतडणे मंदावले की पातेले हॉबवरून उचलावे आणि खाली घेऊन हिंग, हळद, कढीपत्ता घालावा. तिखट सगळ्यांत शेवटी, आणि लगेच त्यावर कांदा किंवा डाळ. तिखट जळते तेव्हाच घसा धरणारा धूर होतो, आणि सिरॅमिकवर बटण बंद केले तरी पातेले तापतच राहते, म्हणून उचलणे महत्त्वाचे. तळण मात्र हॉलमध्ये करूच नये. खोल तळण्याच्या यंत्रांना सरसकट बंदी असते, आणि कढईभर तेलावर लक्ष ठेवणे त्या गजबजाटात होत नाही. पापड मायक्रोवेव्हमध्ये 40 ते 60 सेकंदांत भाजतो. उरलेले तेल सिंकमध्ये ओतू नये. बरणीत गार करून कचऱ्यात टाकावे, नाहीतर नळी तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च सगळ्या फ्लॅटवर विभागून येतो.

हॉब चालूच होत नाही, ही पहिल्या दिवशीची हमखास तक्रार. भिंतीवर लाल खटक्याचे मोठे बटण असते, ते आधी दाबावे लागते. पुष्कळ हॉलमध्ये त्याशिवाय एक टायमरचे बटण असते, ठरावीक मिनिटांनी हॉब आपोआप बंद होतो आणि ते पुन्हा दाबावे लागते. छोले शिजत ठेवून खोलीत गेलेल्याला तासाभराने कोमट पाण्यात कडक छोले मिळतात ते यामुळे. सिरॅमिकची लाली मधूनमधून विझते आणि पुन्हा पेटते, तो बिघाड नाही, तापमान राखायची ती पद्धतच आहे.

मिक्सर नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये विजेचा दाब सारखाच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर चालतो हे खरे. पण आपली गोल तीन पिनांची पिन तिथल्या चौकोनी खाचांत बसत नाही, तिथल्या पिनेत 3 किंवा 13 अँपियरचा फ्यूज असतो तो आपल्या पिनेत नसतो, आणि बाहेरून आणलेल्या विजेच्या उपकरणाची तपासणी झाल्याशिवाय ते वापरू न देणारे हॉल अनेक आहेत. वजन चार-पाच किलो, आवाज सगळ्या मजल्याला. दाण्याचे कूट आणि चटणीपुरते लहान ब्लेंडर तिथेच मिळते, ते घ्यावे. भात करायचे विजेचे भांडेही तिथलेच घ्यावे आणि ते स्वयंपाकघरातच वापरावे. खोलीत शिजवायला कुठेही परवानगी नसते. उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती यांनाही खोलीत बंदी असते. देव्हाऱ्यापुढे बॅटरीचा दिवा ठेवावा.

विळी नेऊ नये. सुरीही तिथेच घ्यावी, न्यायचीच असेल तर चेक-इनच्या बॅगेत. इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालच्यांना सुरी विकत नाहीत, म्हणून दुकानात वयाचा पुरावा मागतात. विकत घेतलेली सुरी वेष्टनासकट सरळ घरी न्यावी. सबळ कारणाशिवाय रस्त्यात सुरी बाळगणे तिथे गुन्हा आहे, घडीच्या तीन इंचांपर्यंतच्या पात्यालाच तेवढी सूट आहे. भेळेच्या बेताला मित्राकडे जाताना पिशवीत सुरी टाकून बसमध्ये बसू नये.

खाण्याच्या वस्तूंत सर्वांत मोठी चूक तुपाची. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दूध-दुभत्याचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर, दुधाची पावडर विमानतळावर काढून घेतात. तूप तिथे करणे सोपे आहे. ‘अनसॉल्टेड’ लोण्याची 250 ग्रॅमची वडी लहान पातेल्यात 3-4 वर ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांत बुडबुडे बारीक होतात, बेरी सोनेरी दिसू लागते, त्याच क्षणी पातेले उचलावे. सिरॅमिकवर आणखी एक मिनिट राहिले की बेरी काळी होते आणि तूप कडवट. साधारण 200 ग्रॅम तूप निघते. विरजणाला ‘लाइव्ह’ लिहिलेले साधे दही घ्यावे, आणि थंडीत भांडे बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावे.

खसखस ही दुसरी, आणि हिच्याबद्दल फारसे कोणाला माहीत नसते. ब्रिटनमध्ये ती बेकरीच्या पावावर असते, पण संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली मोडते. दुबई किंवा अबू धाबीला विमान बदलणार असाल तर पाकीट तर नकोच, गोडा मसालाही खसखस न घालता करून घ्यावा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत घालू नयेत. तेलामुळे हवाई वाहतुकीत खोबरे पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरले जाते. ‘डेसिकेटेड कोकोनट’ तिथल्या प्रत्येक सुपरमार्केटमध्ये असते, भाजून वाटणात चालते. आशियाई दुकानांत ओल्या नारळाचा गोठवलेला चवही मिळतो.

मग नेण्यासारखे काय? जे तिथे मिळत नाही ते. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुले, घरची कोरडी चटणी. गोडा मसाला लोक किलोभर देतात. हिशेब करून पाहा. एका आमटीला चहाचा चमचा, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम. आठवड्यातून तीन वेळा केली तरी नाताळच्या सुट्टीपर्यंतच्या बारा-तेरा आठवड्यांत सव्वाशे ग्रॅमही संपत नाही. 200 ग्रॅम पुष्कळ झाला, बाकीचा वास उडून नुसता भुसा उरतो. भाजणी एक किलो, मेतकूट पाव किलो, आमसुले 100 ग्रॅम, हिंग 50 ग्रॅम पण घट्ट झाकणाच्या डबीत आणि वर दोन पिशव्यांत. हिंगाचा वास कपड्यांना लागला तर कपडे धुतल्यावरही जात नाही. लोणचे थोडेच, बरणीच्या झाकणाला टेप लावून, चेक-इनमध्ये.

डाळी, तांदूळ, पोहे, रवा, साबुदाणा, बेसन, हळद, जिरे, मोहरी यांत एक ग्रॅमही वजन घालवू नये. लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड, लंडनमध्ये वेम्ब्लीचा ईलिंग रोड, साउथॉल, टूटिंग, बर्मिंगहॅमचा सोहो रोड, मँचेस्टरचा विल्म्स्लो रोड या ठिकाणी सगळे मिळते. दुकाने बहुतांशी गुजराती आणि पंजाबी, त्यामुळे नावे त्यांची असतात. पोहे ‘पवा’ म्हणून, ज्वारीचे पीठ ‘जुवार’ म्हणून, बाजरी ‘बाजरी’ म्हणूनच. तूरडाळीच्या पाकिटावर ‘ऑयली’ लिहिले असेल तर ती तेल लावलेली असते, गरम पाण्याने दोनदा धुवावी. सुपरमार्केटमध्ये ‘व्हेजिटेबल ऑइल’ म्हणून मिळते ते बहुतेक वेळा रेपसीडचे असते, फोडणीला उत्तम. इंद्रायणी आणि आंबेमोहोर सहज मिळत नाहीत. मऊ भाताची सवय असेल तर सोना मसूरी घ्यावा.

शेवटचा विषय एकत्र राहण्याचा, आणि तोही स्वयंपाकाचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये ॲलर्जीसाठी कायद्याने नोंदवायचे 14 पदार्थ आहेत. त्यांत शेंगदाणे आहेत, तीळ आहेत आणि मोहरीही आहे. म्हणजे आपली साधी कोशिंबीर त्यातल्या दोन पदार्थांनी सजलेली असते. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतते. पहिल्याच दिवशी फ्लॅटमधल्या प्रत्येकाला विचारावे, आणि कोणाला असेल तर दाण्याच्या कुटाचा चमचा, फळी, घासणी वेगळी ठेवावी, ओटा ओल्या फडक्याने पुसावा. इतरांची भांडी न विचारता वापरू नयेत, आणि आपली कोणी मांसासाठी वापरू नयेत असे वाटत असेल तर ते पहिल्या आठवड्यात शांतपणे सांगावे, तिसऱ्या महिन्यात रागावून नव्हे. सुके बोंबील आणि सोडे आणण्याला कायदा आडवा येत नाही, पण बंद स्वयंपाकघरात त्यांचा वास तीन दिवस राहतो. हळद पांढऱ्या ओट्यावर सांडली तर त्याच मिनिटाला पुसावी. रात्रभर राहिलेला डाग खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने फिका होतो, जात नाही.

आणि शिळा भात. आपल्याकडे रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणी देतात. भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. हॉलमध्ये हीटर चालू असतात, स्वयंपाकघर उबदार असते. तिथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा सल्ला असा की भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि 24 तासांत संपवावा. ताटात पसरला की पंधरा मिनिटांत निवतो. फोडणीचा भात खुशाल करावा, पण फ्रीजमधल्या भाताचा, आणि वाफा येईपर्यंत परतून. डाळ, उसळ, भाजी दोन दिवस टिकते, त्यापुढची फ्रीझरमध्ये, सपाट पिशव्यांत भरून. अर्ध्या खणात अशा आठ पिशव्या उभ्या राहतात, डब्यांत भरल्या तर तीनच. आले-लसणाचे वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावे.

पोहोचायच्या दिवशी दुकानाला जायचे त्राण नसते, आणि रविवारी इंग्लंडमधली मोठी दुकाने सहाच तास उघडी असतात, बहुधा चारला बंद होतात. म्हणून हातातल्या बॅगेत पहिल्या रात्रीपुरते काही हवे. पाव किलो तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मिसळून, त्यातच हळद, मीठ, जिरे घातलेली पिशवी, मेतकुटाची पुडी आणि एक स्टीलचा डबा-चमचा. खिचडी उघड्या पातेल्यात होते. पातेले नसेल तर हॉलच्या मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या खोल भांड्यात एक भाग खिचडीला तीन भाग गरम पाणी घालून, झाकण न ठेवता 12 मिनिटे, मग झाकून 5 मिनिटे आणि तशीच 5 मिनिटे मुरू द्यावी. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, एवढे घरातून निघताना पुन्हा एकदा सांगावे.

आपल्याला विनंती आहे की परदेशी शिक्षणाच्या पानावर ऑगस्टमध्ये ‘हॉब कोणता, दिलेले काय, बंदी कशाला’ हे तीन प्रश्न चौकटीत छापावेत. मुलांना पाठवणाऱ्या सल्लागार संस्थांनीही प्रवेशाच्या कागदांबरोबर ते द्यावेत. ॲल्युमिनियमचे कुकर निदान घरी तरी राहतील.

आपले,
लेस्टर आणि मँचेस्टर येथील काही मराठी वाचक